घटक ४ : रामकृष्ण गोपाळ भांडारकर – बदलत्या वर्णांचा अभ्यासक

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• शब्दाचा वर्ण शेजारच्या वर्णामुळे कसा व का बदलतो, हे मराठी, संस्कृत आणि वेल्श भाषांतील उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
• भाषेतील बदल हा भ्रष्टाकार नसून नियमबद्ध व्यापार आहे, या विचाराचे महत्त्व समजावून देता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, प्रौढ वयात नवी भाषा शिकू लागणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. पाठ केलेला शब्द वाक्यात भेटतो, तेव्हा तो ओळखू येत नाही. ‘श्वास’ हा शब्द माहीत असतो. परंतु ‘उच्छ्वास’ या शब्दात त्याचा आरंभीचा ‘श’ नाहीसा होऊन ‘छ’ आलेला असतो. ‘सम’ माहीत असतो. ‘विषम’ मध्ये ‘स’ चा ‘ष’ झालेला असतो. शब्दकोशात आपण शब्द पहिल्या वर्णावरून शोधतो, आणि येथे तर पहिला वर्णच बदललेला असतो. अशा वेळी शिकणाऱ्याची दोन प्रकारची प्रतिक्रिया होऊ शकते. ही भाषा लहरी आहे असे समजून तो निराश होतो, किंवा या बदलामागे काही नियम असला पाहिजे असे मानून तो शोधू लागतो.

एकोणिसाव्या शतकात दुसरा मार्ग ज्यांनी आपल्या देशात पद्धतशीरपणे आखून दिला, त्यांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे स्थान फार वरचे आहे. इतिहासकार, पुराभिलेखांचे अभ्यासक आणि समाजसुधारक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत घटकात त्यांच्या चरित्राकडे आपण मुख्यतः एका बाजूने पाहणार आहोत. ज्याला भाषा घरातून मिळालेली नाही, अशा शिकणाऱ्यासाठी त्यांनी काय केले, हा आपला प्रश्न आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बालपण आणि शिक्षण

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील सरकारी महसूल खात्यात कारकून होते. रत्नागिरी येथे शालेय शिक्षण घेतल्यावर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि भांडारकर हे दोघेही त्या पहिल्या तुकडीत होते. पुढच्याच वर्षी भांडारकरांनी एम. ए. ची पदवी मिळविली.

या काळातील एक गोष्ट आपण विशेष लक्षात घेतली पाहिजे. पुढे ज्यांचे नाव संस्कृत विद्येशी कायमचे जोडले गेले, त्या भांडारकरांचे आरंभीचे शिक्षण इंग्रजी वळणाचे होते. इंग्रजी, गणित, इतिहास हे त्यांचे विषय होते. संस्कृतचा सखोल अभ्यास त्यांनी तरुणपणी, इंग्रजी शिक्षण झाल्यावर, जाणीवपूर्वक हाती घेतला. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीचे इंग्रजी अमलात रूपांतर होऊन त्यातून काही शिष्यवृत्त्या दिल्या जात. अशा दक्षिणा फेलोंपैकी भांडारकर एक होते. पुण्यात राहून त्यांनी शास्त्रीमंडळींजवळ व्याकरण, न्याय इत्यादी शास्त्रांचे अध्ययन केले.

पुण्यात त्या वेळी संस्कृत अध्यापनाची दोन वळणे शेजारी शेजारी नांदत होती. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेची परंपरा पुढे पूना कॉलेजात व त्यानंतर डेक्कन कॉलेजात विलीन झाली होती. जुन्या वळणाचा विद्यार्थी लहानपणीच सूत्रे मुखोद्गत करी. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्यांचा अर्थ पुढे वर्षानुवर्षांच्या अध्ययनाने उलगडत जाई. हा मार्ग भक्कम होता, पण त्यासाठी बालवयापासूनचा मोकळा वेळ आणि गुरुगृहीचा सहवास आवश्यक होता. नव्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. भांडारकरांनी दोन्ही वळणे स्वतः अनुभवली होती. त्यामुळे शिकणाऱ्याची अडचण नेमकी कोठे आहे, हे त्यांना ठाऊक असणे स्वाभाविक होते.

४.२.२ शिकणाऱ्यासाठी आखलेली वाट

शिक्षण पूर्ण झाल्यावर भांडारकरांनी सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथील सरकारी हायस्कुलांत मुख्याध्यापक म्हणून काम केले. १८६०च्या दशकातील या काळात त्यांनी संस्कृत शिकणाऱ्यांसाठी दोन क्रमिक पुस्तके तयार केली. पहिल्याचे नाव ‘मार्गोपदेशिका’ आणि दुसऱ्याचे ‘संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका’. नावेच बोलकी आहेत. पहिले पुस्तक वाट दाखविते. दुसरे देवळाच्या आत नेते. या पुस्तकांवर पश्चिम भारतातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या आणि आजही ती छापली जातात.

या पुस्तकांतील रचना समजून घेण्यासारखी आहे. परंपरेने चालत आलेल्या कौमुदी ग्रंथांत संज्ञाप्रकरणानंतर लगेच संधीची प्रकरणे येतात. म्हणजे विद्यार्थ्याला एकही वाक्य वाचता येण्यापूर्वी वर्ण एकमेकांजवळ आल्यावर काय होते याचे सर्व नियम पुढे ठाकतात. भांडारकरांनी हा भार विभागला. धड्यात थोडी क्रियापदे, थोडी नामे, त्यांना लागेल तेवढाच संधिनियम, आणि मग भाषांतरासाठी वाक्ये. नियम ज्या ठिकाणी अडतो, त्याच ठिकाणी तो सांगितला जातो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात नियम आणि त्याचे कारण यांची गाठ पडते.

आपणही हे करून पाहू. पुढील शब्द मराठीत नित्याचे आहेत :

उत् + श्वास = उच्छ्वास
उत् + हार = उद्धार
वि + सम = विषम
अभि + सेक = अभिषेक
युधि + स्थिर = युधिष्ठिर

पाचही उदाहरणांत दुसऱ्या शब्दाचा आरंभीचा वर्ण बदलला आहे. तो आपणहून बदललेला नाही. ‘सम’ च्या आधी ‘अ’ कारान्त उपसर्ग असता तर ‘स’ टिकून राहिला असता. मागे ‘वि’ मधील इकार आहे म्हणून तेथे ‘ष’ आला. ‘हार’ मधील ‘ह’ ला मागच्या त-वर्गीय वर्णाने आपल्या वर्गात ओढून ‘ध’ केले. तात्पर्य, बदललेला वर्ण समजून घ्यायचा असेल तर आधी त्याच्या शेजाऱ्याकडे पाहावे लागते. हे एक सूत्र हाती आले की पाठ करण्याचे ओझे अर्धे होते.

४.२.३ प्राध्यापकपद आणि भाषाशास्त्रीय व्याख्याने

रत्नागिरीहून भांडारकर मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले. प्राध्यापकाचे काम त्यांनी हंगामी म्हणून केले. परंतु १८७३ साली ती कायम जागा ब्रिटनहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. एतद्देशीय विद्वानांना वरिष्ठ जागा सहसा मिळू नयेत, अशी तेव्हाची परिस्थिती होती. भांडारकरांनी आपले संशोधन थांबविले नाही. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाची त्यांची संपादित आवृत्ती १८७६ साली प्रसिद्ध झाली.

पुढच्या वर्षी, १८७७ मध्ये, डॉ. जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या व्याख्यानमालेत मुंबई विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या प्राकृत भाषा हा विषय घेऊन त्यांनी सात व्याख्याने दिली. संस्कृतचा विकास, पाली, प्राकृत व अपभ्रंश, उत्तर भारतातील देशी भाषांचे ध्वनिविचार, त्यांतील जुन्या रूपांचे अवशेष आणि नव्याने घडलेली रूपे, असा त्यांचा विस्तार होता. ही व्याख्याने ग्रंथरूपाने १९१४ साली प्रसिद्ध झाली. मराठीचा अभ्यास इतर भारतीय भाषांशी तुलना करून आणि ऐतिहासिक दृष्टीने कसा करावा, याचा एका भारतीय विद्वानाने घालून दिलेला हा आरंभीचा पाया होय.

या व्याख्यानांमागील दृष्टी मराठी उदाहरणांनी स्पष्ट करता येईल. ‘कुल’ हा संस्कृत शब्द मराठीत ‘कुळ’ म्हणून आला. आरंभीचा ‘क’ जसाच्या तसा राहिला. परंतु ‘देवकुल’ चे मराठीत ‘देऊळ’ झाले आणि ‘राजकुल’ चे ‘राऊळ’. तोच ‘कुल’, पण येथे त्याचा ‘क’ नाहीसा झाला. ‘कुंभकार’ चे ‘कुंभार’, ‘सुवर्णकार’ चे ‘सोनार’, ‘लोहकार’ चे ‘लोहार’ झाले, तेव्हाही ‘कार’ मधील ‘क’ गळाला. कारण उघड आहे. ‘कुळ’ मध्ये ‘क’ शब्दाच्या आरंभी सुरक्षित आहे. समासात मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना स्वर आले. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले एकेरी व्यंजन प्राकृतात दुबळे होते. अर्धमागधीत ‘लोक’ चे ‘लोग’ झाले, म्हणजे ‘क’ मृदू होऊन ‘ग’ झाला. महाराष्ट्री प्राकृतात ‘लोअ’ झाले, म्हणजे तो उरलाच नाही. उलट ज्या व्यंजनाला दुसऱ्या व्यंजनाचा आधार होता, ते टिकले : ‘सप्त’ चे ‘सात’, ‘हस्त’ चे ‘हात’, ‘दुग्ध’ चे ‘दूध’. पण ‘पाद’ मधील ‘द’ एकटा होता, म्हणून ‘पाय’.

ही उदाहरणे सुटी पाहिली तर शब्द मोडले आहेत, असे वाटते. एकत्र मांडली की त्यांतील शिस्त दिसते. येथे केवळ विद्वत्तेचा प्रश्न नव्हता. संस्कृत शब्द शुद्ध आणि लोकांच्या तोंडचा शब्द अशुद्ध, अशी समजूत सुशिक्षितांत दृढ होती. जी भाषा शेतकरी, कुंभार, सोनार आणि घरोघरच्या स्त्रिया बोलत, ती अज्ञानाने बिघडलेली भाषा ठरत होती. ‘देऊळ’ हा शब्द एका नियमाने घडला आहे असे सिद्ध झाले की त्या समजुतीचा पाया खचतो. भांडारकरांची परिभाषा त्यांच्या काळाची होती. ध्वनी झिजतात, भाषा क्षीण होते, असे वर्णन तेव्हाचे युरोपीय भाषापंडितही करीत. आज आपण ते तसेच स्वीकारणार नाही. परंतु बदलाला कारण असते आणि समान परिस्थितीत समान बदल घडतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा टिकून राहिला. पुढे फ्रेंच विद्वान झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर जे सविस्तर काम केले, तेही याच ऐतिहासिक मार्गावरचे आहे.

४.२.४ एक दूरची तुलना : वेल्श भाषा

हा विचार आपल्यापुरता मर्यादित नाही, हे समजण्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स प्रदेशाच्या भाषेकडे पाहू. वेल्श ही केल्टिक शाखेतील भाषा असून संस्कृत आणि मराठीप्रमाणेच ती इंडो-युरोपीय कुळातील आहे. ही तुलना भांडारकरांच्या ग्रंथातील नसून त्यांचे तत्त्व किती दूरवर लागू पडते हे दाखविण्यासाठी आपण येथे घेत आहोत.

वेल्शमध्ये मांजराला ‘काथ’ म्हणतात. ‘त्याचे मांजर’ म्हणताना ‘इ गाथ’ होते, ‘तिचे मांजर’ म्हणताना ‘इ खाथ’, आणि ‘माझे मांजर’ म्हणताना ‘काथ’ च्या आरंभी महाप्राणयुक्त ‘ङ’ सारखा अनुनासिक ध्वनी येतो. (उच्चार देवनागरीत स्थूलमानाने दिले आहेत.) नवशिका विद्यार्थी शब्दकोशात ‘ग’ खाली ‘गाथ’ शोधतो आणि त्याला तो सापडत नाही. शिवाय ‘त्याचे’ आणि ‘तिचे’ यांसाठी आज एकच शब्द उरला आहे. मालक पुरुष की स्त्री, हे पुढच्या शब्दाच्या पहिल्या वर्णावरूनच कळते.

हे असे का झाले? प्राचीन केल्टिक भाषेत ‘त्याचा’ या अर्थाचा शब्द स्वरान्त होता आणि ‘तिचा’ या अर्थाचा शब्द सकारान्त होता. संस्कृतातील ‘अस्य’ आणि ‘अस्याः’ ही रूपे त्यांचीच भावंडे आहेत. ‘अस्याः’ मधील विसर्ग हा मूळच्या ‘स’ चाच अवशेष होय. पुरुषवाचक रूपानंतर ‘काथ’ चा ‘क’ दोन स्वरांच्या मध्ये सापडला आणि मृदू होऊन ‘ग’ झाला. अर्धमागधीतील ‘लोग’ मध्ये घडले, तेच येथे घडले. स्त्रीवाचक रूपानंतर मागे ‘स’ होता, म्हणून ‘क’ चा ‘ग’ न होता ‘ख’ सारखा घर्षक ध्वनी झाला. कालांतराने सर्वनामांचे अन्त्य वर्ण झिजून दोन्ही रूपे सारखी झाली. शेजारी निघून गेला, पण त्याची खूण पुढच्या शब्दावर राहिली. केल्टिक भाषांतील या आद्यवर्णविकाराचा उलगडा एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ बॉप व योहान कास्पार झॉइस यांच्यासारख्या जर्मन विद्वानांच्या तौलनिक अभ्यासातून होत गेला. भांडारकर ज्या शास्त्राच्या आधारे बोलत होते, ते हेच शास्त्र होय.

वेल्शमध्ये शब्द आरंभी बदलतो, तर मराठीत तो बहुधा शेवटी बदलतो. ‘घोडा’ चे ‘घोड्याला’, ‘पाणी’ चे ‘पाण्यात’, ‘देऊळ’ चे ‘देवळात’ आपण सहज म्हणतो. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला मात्र ‘घोड्या’ हा शब्द कोशात सापडत नाही. आपल्याला जे स्वाभाविक वाटते, तेच दुसऱ्याला कोडे वाटते. म्हणून परक्या भाषेला विचित्र म्हणण्यापूर्वी आपल्या भाषेकडे एकदा परक्याच्या नजरेने पाहावे.

४.२.५ पुण्यातील कार्य आणि उत्तरायुष्य

डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक कीलहॉर्न जर्मनीस परतल्यावर १८८२ साली भांडारकर त्या पदावर आले आणि १८९३ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. १८८४ साली त्यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८५ मध्ये जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि १८८६ साली व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस ते उपस्थित राहिले. निवृत्तीनंतर १८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९११ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

भाषेच्या अभ्यासात अंगी बाणलेली ऐतिहासिक दृष्टी त्यांनी समाजजीवनालाही लावली. ते प्रार्थना समाजाचे प्रमुख सभासद होते, आणि पुण्यातील हुजूरपागा या मुलींच्या शाळेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात मोठा वाद पेटला. लोकमान्य टिळक त्या कायद्याच्या विरोधात होते. भांडारकरांनी धर्मग्रंथांतील वचनांचा कालक्रमाने शोध घेऊन विवाहाच्या वयाविषयीची रूढी नेहमी एकसारखी नव्हती, हे दाखविणारा निबंध लिहिला. त्याच सुमारास आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह त्यांनी करून दिला आणि त्याबद्दल लोकनिंदाही सोसली. जे आज आहे ते सनातन आहे असे मानू नये, त्याचा इतिहास पाहावा, हा विचार शब्दांच्या बाबतीत मांडणे सोपे असते. स्वतःच्या घरात आचरणे कठीण असते. भांडारकरांनी दोन्ही केले.

त्यांना वयाची ८० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेस दिला. १९१९ साली तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ते १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. त्या कामामागेही हीच रीत होती : निरनिराळ्या प्रतींतील पाठभेद जमवायचे, शब्द कोठे आणि कशामुळे बदलला हे तपासायचे, आणि पुराव्याने सर्वांत जुन्या पाठापर्यंत पोहोचायचे. भांडारकरांचे निधन २४ ऑगस्ट १९२५ रोजी झाले.

४.३ सारांश

भांडारकरांनी संस्कृत विद्या इंग्रजी शिक्षणानंतर जाणीवपूर्वक आत्मसात केली आणि ती दुसऱ्यांना मिळावी म्हणून क्रमिक पुस्तकांची वाट आखली. १८७७ च्या व्याख्यानांतून त्यांनी मराठी व इतर देशी भाषांतील ध्वनिबदलांचे नियम ऐतिहासिक दृष्टीने मांडले. वर्ण बदलतो तो शेजारच्या वर्णामुळे. कधी तो शेजारी दिसतो, तर कधी तो लोपलेला असतो आणि इतिहासातून शोधावा लागतो. संस्कृतातील संधी, मराठीतील ‘देऊळ’ आणि वेल्शमधील आद्यवर्णविकार यांना जोडणारे सूत्र हेच आहे. या दृष्टीमुळे लोकांच्या बोलण्याला अशुद्ध म्हणून हिणविण्याचे शास्त्रीय कारण उरत नाही. आणि प्रौढ वयात शिकणाऱ्याला एक धीर मिळतो : जो शब्द ओळखू आला नाही, तो आपल्या अपात्रतेचा पुरावा नसून अजून न कळलेल्या नियमाची सूचना असते.

४.४ स्वाध्याय

१. ‘कुळ’ मध्ये ‘क’ टिकला आणि ‘देऊळ’ मध्ये तो गळाला, याचे कारण चार-पाच वाक्यांत लिहा.
२. ‘मार्गोपदेशिका’ या पुस्तकातील संधिनियमांची मांडणी परंपरागत मांडणीपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळी आहे?
३. वेल्शमधील ‘त्याचे मांजर’ व ‘तिचे मांजर’ यांतील फरक ‘अस्य’ आणि ‘अस्याः’ या रूपांच्या साहाय्याने स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील बोलीत प्रमाण मराठीहून वेगळे ऐकू येणारे दहा शब्द जमवा. त्यांतील बदल एकाच प्रकारचा आहे काय, हे शेजारचे वर्ण पाहून तपासा आणि आपला निष्कर्ष लिहा.